पेन्शन कोणाची, उधारी कोणाची?

मंडळी, पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "जुनी पेन्शन हा हक्क आहे, द्यायलाच हवी." दुसरा म्हणतो, "सरकारी नोकरांचे लाड पुरे झाले." मला या दोघांशीही भांडायचंय. आणि भांडायला जागा निवडलीय ती जव्हार-मोखाड्याची. मुंबई-पुण्यात बसून हा हिशोब मांडला की वहीचं एक अख्खं पान दिसतच नाही, म्हणून.

(घरातल्या पेन्शनर मंडळींनी रागवायच्या आधी शेवटपर्यंत वाचावं, ही नम्र विनंती!)

आधी थोडी उजळणी. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम मिळते, वर महागाई भत्ता, आणि माणूस गेल्यावर कुटुंबाला कुटुंब निवृत्तीवेतन. यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही. पण सरकारही काही बाजूला ठेवत नाही. म्हणजे 'पेन्शनचा फंड' असं काही नसतंच! यंदाच्या पेन्शनरांना यंदाच्या करातून पैसे मिळतात. पुढच्या पेन्शनरांचं काय, तर पुढचे करदाते बघून घेतील.

१ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत लागलेल्यांसाठी महाराष्ट्राने हे बंद केलं. विलासराव देशमुखांचं सरकार होतं. नवीन माणसाच्या पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा (तो पुढे १४ टक्के झाला), आणि जमेल त्या पुंजीवर निवृत्तीनंतर जे मिळेल ते मिळेल. यात कर्मचाऱ्याला भीती वाटली तर नवल नाही. बाजार पडला तर? नोकरी कमी वर्षांची झाली तर? ही भीती खरी आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले, की जुनी पेन्शन परत आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले. १४ ते २० मार्च, सात दिवस. संप मिटला, समिती बसली, आणि २०२४ मध्ये त्याच सरकारने निम्म्या पगाराइतक्या पेन्शनची हमी कबूल केली. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका होत्या, हे सांगायला नकोच. तिकडे काँग्रेसने राजस्थान, छत्तीसगड आणि हिमाचलमध्ये जुनी पेन्शन परत आणली. म्हणजे ज्यांनी इथे बंद केली त्यांनी तिथे सुरू केली, आणि ज्यांना दिवाळखोरी दिसत होती त्यांनी दीड-दोन वर्षांत हमी दिली. या बाबतीत कुठलाही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही.

आता खरी गोम. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये २५ व्या वर्षी लागलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होणार २०३८ च्या सुमारास. त्यानंतर पंधरा-वीस वर्षं तरी त्याला पेन्शन द्यावी लागेल. म्हणजे २०२४ मध्ये दिलेल्या हमीचं मोठं बिल २०३८ नंतर येणार. आज हमी देणाऱ्या मंत्र्याला टाळ्या आजच मिळतात, आणि बिल येईल तेव्हा तो बहुधा खुर्चीवर नसेल. ज्या राज्यांनी पूर्णच जुनी योजना आणली त्यांचा तर तात्पुरता फायदाच झाला, कारण सरकारचा मासिक वाटा भरायची कटकट गेली! बजेट पुढची काही वर्षं छान दिसेल. उधारीवर किराणा आणला की महिनाअखेरपर्यंत घरात चैनच असते.

आणि ही उधारी कुठे लिहिलेली असते? राज्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज आहे हे २०२५-२६ च्या बजेटवरून सगळ्यांना कळलं. पण त्या आकड्यात पुढच्या पेन्शनचा कबूल केलेला पैसा धरलेला नाही. सरकारने बँकेचं कर्ज काढलं तर ते कर्ज. सरकारने लाखो माणसांना 'मरेपर्यंत देईन' असा शब्द दिला तर ते काहीच नाही. गावातला सावकारसुद्धा असा हिशोब ठेवत नाही.

आता जव्हार-मोखाड्याकडे या. २०२० साली मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर जन्मलेली पोरगी २०३८ मध्ये अठरा वर्षांची होईल. बिल फाडलं जाईल ते तिच्या नावाने.

"पण हे लोक टॅक्स कुठे भरतात?" हा प्रश्न मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. दिवाळी झाली की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. इन्कम टॅक्स भरण्याइतकी त्यांची मिळकत नसते, खरंय. पण मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे, तो भट्टीवरचा मजूर तेवढाच भरतो जेवढा त्याच्या मुकादमाचा मालक भरतो. जीपच्या भाड्यात डिझेलवरचा व्हॅट आहे. राज्याच्या तिजोरीत येणारा मोठा पैसा हा असा, वस्तूंवरच्या करातून येतो. तो देताना जात, उत्पन्न, तालुका कोणी विचारत नाही. खर्च करताना मात्र विचारतात.

कारण तिजोरी आखडली की काय कापता येतं? पगार कापता येत नाही, पेन्शन कापता येत नाही, कर्जाचं व्याज तर नाहीच नाही. राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग या तिघांत जातो. मग कात्री लागते ती उरलेल्यावर. रस्ता पुढच्या वर्षी. रिक्त जागा तशीच. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचा निधी वळवला गेला, तेव्हा बातम्या झाल्या, दोन दिवस आरडाओरड झाली, संपलं. ज्या खर्चामागे संघटना नाही तो खर्च नेहमीच 'लवचिक' असतो!

याहून वाईट गोष्ट म्हणजे, पेन्शनच्या धास्तीने सरकार आता कायमची माणसंच घ्यायला कचरतं. कंत्राटी घ्या, तासिकेवर घ्या, मानधनावर घ्या. आदिवासी आश्रमशाळांमध्ये बाह्यस्रोतातून शिक्षक नेमायच्या निर्णयाविरुद्ध २०२५ मध्ये नाशिकला रोजंदारी शिक्षकांनी बिऱ्हाड आंदोलन केलं ते याच मुळावर. म्हणजे एका पिढीच्या पेन्शनची हमी दुसऱ्या पिढीची नोकरीच खाते. आणि अंगणवाडी सेविका? १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि जव्हारचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून कुपोषणाच्या लढाईत सर्वात पुढे कोण असेल तर ही बाई. वजन तीच घेते, आहार तीच शिजवते, नोंदी तीच करते. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा पेन्शन ही त्यांची एक मागणी होती. त्यांच्यासाठी कुठल्या पक्षाने 'एकच मिशन' म्हटलं? दुसरीकडे, एकदा निवडून आलेल्या आमदाराला महिना ५० हजारांची पेन्शन आहे. ती देताना मात्र राज्य दिवाळखोरीत जात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. 'निवृत्तीवेतन' हाच शब्द सरकारने आणखी एका योजनेला दिलाय. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. ६५ च्या वरच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी. आयुष्यभर वरई-नागली पिकवून, भट्टीवर विटा थापून जो थकला त्याची ही पेन्शन. २०२३ च्या बजेटमध्ये ती १००० वरून १५०० रुपये झाली. त्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी महिना २०० रुपये, तो २००७ मध्ये होता तेवढाच. याला महागाई भत्ता नाही, वेतन आयोग नाही. आणि पात्रता काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. भागाकार करून बघा, अख्ख्या घराचे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. म्हणजे पेन्शन हवी तर आधी खोटा दाखला आणा, असंच सरकार सांगतंय ना? आणि पाड्यावरून बाजारगावच्या बँकेत ते पैसे काढायला जायचं तर जीपभाडं वेगळंच.

महागाई काय फक्त निवृत्त कर्मचाऱ्यालाच कळते? खोडाळ्याच्या बाजारात तेलाचा भाव दोघांना वेगळा असतो?

तुम्ही म्हणाल, मग तुझं म्हणणं काय, पेन्शन बंद करायची? अजिबात नाही. १९८२ च्या नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे. मला ते शंभर टक्के मान्य आहे. मोखाड्याच्या पाड्यावर पावसाळ्यात चालत जाणाऱ्या नर्सबाईला म्हातारपणी निर्धास्त झोप मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की शब्द दिला तर पैसे बाजूला ठेवा, आणि ते कोणाकडून घेणार हे त्याच दिवशी सांगा.

हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये, कारण याच महाराष्ट्राने ते केलेलं आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली. पण 'मागेल त्याला काम' हा शब्द देताना सरकारने पैशाचीही सोय केली. १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा त्याचसाठी आला. आजही पगारदाराच्या स्लिपवर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, ते मूळचे या हमीचे. योजनेत पुढे सतरा भानगडी झाल्या, मजुरी उशिरा मिळाली, सगळं मान्य. पण पद्धत सरळ होती. शहरातल्या पगारदाराला माहीत होतं की दुष्काळी गावातल्या मजुरासाठी आपल्या खिशातून अमुक इतकं जातंय. शब्द आणि कर एकाच वेळी लोकांसमोर आले.

पेन्शनच्या बाबतीत नेमकं हेच कोणी करत नाही. म्हणून माझ्या मागण्या तीन. एक, दर बजेटबरोबर पुढच्या तीस वर्षांच्या पेन्शनचा अंदाज विमागणिती तज्ज्ञांकडून काढून छापा, आणि तो कर्जाच्या आकड्याशेजारीच छापा. दोन, हमी वाढवायची तर त्याच दिवशी तिचा निधी आणि त्याचा कर जाहीर करा. तो कर डिझेल-रिचार्जवर नको, ज्यांची मिळकत आणि मालमत्ता आहे त्यांच्यावर लावा, आणि सुरुवात आमदारांच्या पेन्शनपासून करा. तीन, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ज्या दिवशी वाढेल त्याच दिवशी, त्याच प्रमाणात श्रावणबाळची रक्कम वाढवा. हा तिसरा नियम केला तर पहिले दोन आपोआप पाळले जातील असं मला वाटतं. खर्च सगळ्यांचा एकत्र दिसला की हिशोब लपवणं अवघड जातं.

संघटनांच्या मित्रांनाही एक सांगणं. तुमच्यात ताकद आहे, सात दिवसांत तुम्ही सरकारला टेबलावर आणलंत. पुढच्या वेळी मागण्यांच्या कागदावर अंगणवाडी सेविकेचं आणि त्या १५०० रुपयेवाल्या म्हातारीचं नावही लिहा. मग 'पेन्शन हा हक्क आहे' या वाक्याला वजन येईल. नाहीतर तो हक्क उरत नाही, नुसता नंबर लागलेला असतो, आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी बिल भरायचं असतं.