सैराटचा शेवट मालिकेत मावत नाही

२०१६ साली निपाणीहून आत्याला घेऊन बेळगावात 'सैराट' बघितला. आत्याच्या थोरल्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलेलं. सहा वर्षं घरात तिचं नाव निघत नव्हतं. शेवटी ते लेकरू रडत बाहेर जातं, रक्ताची पावलं उमटतात आणि आवाज नाहीच. थेटरात कुणी उठेना. त्या रात्री आत्यानं स्वतःहून लेकीला फोन लावला.

पुढच्या वर्षी तोच पिक्चर कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' नावानं आला, त्यातही रिंकू राजगुरूच. २०१९ ला त्यावर 'अँड टीव्ही'ची हिंदी मालिका निघाली, 'जात ना पूछो प्रेम की'. आम्ही थोडे भाग बघितले. जात होती, प्रेमही होतं. पण उद्या पुढचा भाग आहेच म्हटल्यावर भीती कसली? जाहिरात लागली की भाजी वाढून घ्यायची.

मालिका वाईट असं नव्हे. पण नागराज मंजुळेंनी जे एकदाच, शेवटी दाखवलं, ते रोज थोडं थोडं वाटलं की मनाला लागत नाही. आत्या म्हणाली, "हे बघून मी फोन केला नसता बघ."

तुमच्याही घरात कुणाचं नाव निघत नसेल, तर पिक्चरच लावा.