गॅस भरण्याची वार्षिक चाल

हैदराबादेत चैत्र लागला की मराठी घरांतून दोन गोष्टी न चुकता होतात. कैरीचे पन्हे होते, आणि वातानुकूलन यंत्रात, म्हणजे ज्यास घरोघरी नुसते ‘एसी’ म्हणतात त्यात, गॅस भरून घेतला जातो. पहिल्या चालीविषयी आमची काहीच तक्रार नाही. दुसरीविषयी मात्र चार शब्द लिहावे असे फार दिवस मनात होते. कारण ती आमच्या घरीही निष्ठेने पाळली गेली, आणि तिचे फळ आम्ही भोगले आहे.

आमचे यंत्र २०११ साली घेतलेले, खिडकीत बसवायचे, दीड टनाचे. (हा ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी खोलीबाहेर टाकण्याची ती शक्ती होय. हे आम्हांसही परवापर्यंत ठाऊक नव्हते.) ते होते आजीच्या खोलीत. आजीचे वय ब्याऐंशी, त्यात हृदयाचे दुखणे. उन्हाळ्यात खोली थंड ठेवा, असे डॉक्टरांनी बजावून ठेवलेले. दर एप्रिलात मेकॅनिक येई, नळीला दाबमापक लावी, “गॅस कमी झालाय” म्हणे, भरी आणि पैसे घेऊन जाई. २०२४ च्या मे महिन्यात एका रात्री यंत्र घरघरत राहिले, पण वारा कोमट येऊ लागला. पहाटे आजीस धाप लागली व तिला इस्पितळात न्यावे लागले. दोन दिवसांनी ती सुखरूप घरी आली. त्याच दिवशी मेकॅनिकही आला, आणि त्याने तेच वाक्य पुन्हा उच्चारले.

कित्येकांचा असा समज आहे की, गाडीतील पेट्रोलाप्रमाणे यंत्रातील गॅस वापराने संपतो. हा समज साफ चुकीचा आहे. तो वायू तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत असतो. खोलीच्या बाजूस द्रवाची वाफ होताना तो उष्णता घेतो, बाहेरच्या बाजूस वाफेचा पुन्हा द्रव होताना ती सोडतो, आणि कॉम्प्रेसर त्यास हा फेरा करावयास लावतो. या फेऱ्यात खर्च होते ती वीज, गॅस नव्हे. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून पाणक्याचे आभार मानणे होय!

आमच्या घराच्या मागून नाला वाहतो. अशा सांडपाण्यातून निघणारे गंधकयुक्त वायू तांब्यास खातात व नळ्यांस सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात, हे आम्हांस एका दुसऱ्या, वृद्ध मेकॅनिकने दाखविले. त्यांनी नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरला, वरून साबणाचे पाणी लावले, आणि तीन ठिकाणी बुडबुडे उठले. एक छिद्र असते तर ते डाग देऊन बुजविता आले असते. त्यानंतर नळ्या पंपाने निर्वात करून, यंत्रावरील पट्टीवर लिहिले आहे तितकाच गॅस तोलून भरावयाचा, ही खरी रीत. ती आमच्या घरी एकदाही पाळली गेली नव्हती.

आमचे आजोबा जुन्या वळणाचे. चालते ती वस्तू टाकू नये, हा त्यांचा बाणा, आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतीत आम्हांस तो मान्य आहे. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवून सावलीत वाळविणे, बाहेरच्या पत्र्यांतील धूळ वर्षातून एकदा काढविणे, कपॅसिटर बिघडला तर तेवढाच बदलणे, यांत खर्च थोडा आणि यंत्राचे आयुष्य पुष्कळ वाढते. पाच वर्षे झाली की यंत्र बदलावे, असे सांगणाऱ्या शेजाऱ्यांचे म्हणणे आम्हांस उधळपट्टीचे वाटते. परंतु ज्याच्या नळ्या जागोजाग खाल्ल्या गेल्या, ते यंत्र राखणे ही काटकसर नव्हे.

शिवाय त्या वायूची स्वतःची एक कथा आहे. आमच्या यंत्रात होता आर-२२. तो हवेत सुटला की ओझोनच्या थरास अपाय करतोच, आणि पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट प्रबळ ठरतो. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये असे वायू जगभर हद्दपार होत आहेत; भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे त्यांवर बनविता येत नाहीत. म्हणजे जुन्या यंत्रासाठी तो दिवसेंदिवस महाग व दुर्मिळ होणार. त्याच्या जागी नव्या यंत्रांतील आर-३२ भरून देऊ, असे कोणी म्हणेल; त्यास नम्रपणे दार दाखवावे. तो वायू पेट घेऊ शकतो, आणि जुने यंत्र त्यासाठी घडविलेले नाही.

विजेचा हिशेब वडिलांनी मांडला. जुन्या यंत्राच्या पट्टीवर कार्यक्षमतेचा अंक होता २.७, म्हणजे एक युनिट वीज घेऊन २.७ युनिट उष्णता बाहेर. नव्या पंचतारांकित यंत्रावर ५ च्या वरचा अंक दिसला. दोन्ही अंक एकाच पद्धतीने काढलेले नाहीत, म्हणून बिल नेमके अर्धे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण अंतर मोठे खरे. ताऱ्यांवर मात्र कोणी भुलू नये. त्यांची कसोटी सरकारने वेळोवेळी कडक केली आहे, आणि २०११ चे तारे आजच्या ताऱ्यांशी तोलता येत नाहीत.

शेवटी आजोबांनीच होकार दिला, पण एका अटीवर: यंत्र २६ अंशांवर चालवावे व सोबत पंखा लावावा. अंशागणिक सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. आजोबांस तो आकडा कसा कळला, कोण जाणे. आजीस २६ पुरेसे होतात.

जुन्या यंत्रासाठी भंगारवाला चांगली रक्कम देत होता. पण तो नळी तेथेच कापतो व उरलासुरला गॅस हवेत सोडतो, हे आम्ही गल्लीत पाहिले होते. म्हणून आम्ही ते ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठविले. त्यांच्या माणसाने प्रथम गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये खेचून घेतला. आम्ही भावंडे तो संपेपर्यंत जवळ उभी होतो. पैसे भंगारवाल्याने देऊ केले त्याहून कमी मिळाले. आजोबांनी ते मोजले, पावती मागितली, आणि यावर काही बोलले नाहीत.