पडणाऱ्या माणसाचा खुनी कोण?

हेलिकॉप्टरला लोंबकळण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण चालू असताना एक स्टंटमन खाली पडून मरतो. १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘स्टंट्स’ या चित्रपटाची ही सुरुवात. दिग्दर्शक मार्क लेस्टर, नायक रॉबर्ट फॉर्स्टर आणि खर्चाला हात आखडता. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’सारखे अवाढव्य चित्रपट काढणाऱ्या न्यू लाइन कंपनीने वितरणाचा धंदा करता करता निर्मितीत टाकलेले हे पहिले पाऊल. मेलेल्या माणसाचा भाऊही स्टंटमनच. तो भावाच्या जागी उभा राहतो आणि त्याच्या मृत्यूचा छडा लावू लागतो. दरम्यान सहकारी एकामागून एक मरत जातात. खुनी कोण, हे सांगून पाहणाऱ्याचा विरस करीत नाही.

कथा रहस्यपटांच्या मळलेल्या वाटेनेच जाते. तरीही हा चित्रपट आज आवर्जून पाहावा. नायकाच्या वाटचा मार खाणारा माणूस इथे एकदा तरी स्वतः नायक झाला आहे. संगणकावर आग लावण्याची सोय तेव्हा नव्हती. पेटायचे तर खरेच पेटायचे, पडायचे तर खरेच पडायचे. गरीब चित्रपटाची हीच श्रीमंती.

माझी तक्रार आहे ती त्या खुन्याबद्दल. खुनी सापडला की प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. एक दुष्ट माणूस होता, तो गेला, आता सारे ठीक! प्रत्यक्षात काय घडले?

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ए. जे. बाकुनास या स्टंटमनने ‘स्टील’ चित्रपटासाठी केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात ३०० फुटांहून अधिक उंचीवरून उडी घेतली. त्याचा उडीचा विक्रम दुसऱ्याने मोडला होता, तो त्याला परत मिळवायचा होता. खालची हवेची गादी फाटली आणि तो गेला. २३ जुलै १९८२ च्या रात्री ‘ट्वायलाइट झोन’च्या चित्रीकरणात स्फोटांच्या तडाख्यात सापडलेले हेलिकॉप्टर कोसळले. अभिनेता व्हिक मॉरो आणि सहा-सात वर्षांची दोन मुले जागीच ठार झाली. त्या मुलांना कायदा डावलून रात्रीच्या कामाला आणले होते. खटला चालला. १९८७ साली दिग्दर्शकासह पाचही आरोपी निर्दोष सुटले.

म्हणजे पडद्यावरच्या हेलिकॉप्टरला खुनी मिळाला, खऱ्या हेलिकॉप्टरला मिळाला नाही. मिळणार कसा? तिथे कोणी दोर कापला नव्हता. तिथे होती ती आणखी थरारक दृश्याची हाव, आणि ‘हे थांबवा’ असे म्हणण्याची कोणाची न झालेली छाती. असल्या गोष्टींना हातकड्या घालता येत नाहीत.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ साली स्टंटच्या आखणीसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. २०२७ मधल्या चित्रपटांपासून तो दिला जाणार आहे. शंभरीला टेकलेल्या संस्थेला उशिरा का होईना जाग आली, याचा आनंदच आहे. पण पुरस्काराने गादी फाटायची थांबत नाही. उलट बक्षिसाच्या ईर्षेने उडी आणखी दहा फूट वर सरकणार नाही ना, अशी धास्ती वाटते.

आपण मुंबईच्या सिनेमावर वाढलेल्यांनी तरी परक्यांना नावे का ठेवावीत? ‘शोले’तल्या बसंतीचा टांगा आपल्याला पाठ आहे, हेमा मालिनीऐवजी तो उधळणारी रेश्मा पठाण किती जणांना ठाऊक आहे? शिट्ट्या नायिकेला, खरचटणे दुसरीला, असा हा जुना हिशेब आहे.

तो मिटवायचा तर श्रेयनामावलीत नाव हवेच, विमाही हवा. पण त्याआधी आणखी एक गोष्ट हवी. दोर, गादी आणि गाडी तपासणाऱ्याला चित्रीकरण थांबवण्याचा अधिकार हवा, आणि तो वापरला म्हणून त्याचे पुढचे काम जाता कामा नये. निर्मात्याचा एक दिवस वाया जाईल. जाऊ द्या. ‘स्टंट्स’मधल्या त्या भावाला शेवटी खुनी मिळाला, मेलेला भाऊ परत मिळाला नाही.