राजीनामा कोणाच्या भरवशावर?

परवा प्लेसमेंटची यादी लागली आणि हॉस्टेलवर एकच विषय सुरू झाला. ज्यांना ऑफर मिळाली त्या म्हणत होत्या, "दोन वर्षं करीन आणि सोडून देईन." ज्यांना मिळाली नाही त्या म्हणत होत्या, "बरं झालं, आता मनासारखं करता येईल!" एकूण काय, नोकरी लागायच्या आधीच सगळ्यांचे राजीनामे तयार! मेसमध्ये एक मैत्रीण टेबलावर हात आपटून म्हणाली, "सोडायची तर पंचविशीतच सोडायची. नंतर माणूस सेटल होतो, मग संपलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. रूमवर आल्यावर मात्र झोप येईना. कारण हे प्रकरण मला पुस्तकातून नाही, घरातून माहीत आहे.

मी देवळा तालुक्यातली. देवळ्याच्या पाच कंदिलापासून आमचं गाव मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटांवर. घरची साडेतीन एकर, त्यात कांदा आणि थोडा मका. आमच्याकडे 'नोकरी' या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे, मित्रांनो. शहरातल्या घरात नोकरी म्हणजे करिअर. आमच्याकडे नोकरी म्हणजे उमराण्याच्या मार्केटला कांदा मातीमोल गेला त्या महिन्याचा किराणा. घरात एक जण पगारदार असला की दुकानदार उधारी देतो, पतसंस्थेत जामीन मिळतो, बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत आवाज जरा चढा लागतो. म्हणून तर गावात निम्मी पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात आणि उरलेली अभ्यासिकेत बसतात.

आमच्या घरातला पगारदार म्हणजे दादा. मेकॅनिकल करून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. चार वर्षं काढली. महिन्याला बारा हजार घरी पाठवायचा, एकदाही चुकला नाही. पण दादाला खरा नाद कॅमेऱ्याचा. अकरावीत असताना गावातली लग्नं दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर शूट करायचा. चाकणला असताना सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन कुणाच्या तरी शॉर्ट फिल्मवर फुकट लाइट धरायचा. दिवाळीला घरी आला की दोन दोन दिवस बोलायचा नाही. आई म्हणायची, "याला काहीतरी खातंय." ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या एका कॅमेरामनने त्याला असिस्टंट म्हणून बोलावलं. पगार नाही, काम असेल त्या दिवसाचे पैसे. दादा सव्वीस वर्षांचा होता. त्याने राजीनामा दिला आणि मग घरी सांगितलं. हा क्रम लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्यावर येणार आहे.

आबा काहीच बोलले नाहीत, मळ्यात निघून गेले. शेजारचे बाबा ओट्यावर बसून अहिराणीत एवढंच म्हणाले, "नोकरी सोडी? आते काय करशी?" दादा हसला. मी तर खूशच होते. हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ सिनेमात गेला!

8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमचा लाल कांदा नुकताच निघत होता. भाव असे कोसळले की गाडीभाडं आणि मजुरी वजा जाता हातात काय राहिलं ते आबांनी सांगितलंच नाही. निर्यातबंदी उठली ती पुढच्या मे महिन्यात. मधल्या काळात, जानेवारीत, आबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. दादाच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-आबांची नावं होती ना! दवाखान्याच्या काउंटरवर कार्ड दिलं तेव्हा कळलं की राजीनाम्याबरोबर तेही बंद झालंय. दादाला स्वतःलाही ते तिथेच कळलं. आईने गळ्यातली सोन्याची पोत काढून पतसंस्थेत गहाण ठेवली. माझ्या हॉस्टेलच्या फीचा दुसरा हप्ता चार महिने लांबला आणि त्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात रोजाने कांदे काढायला गेली.

दादा चुकला असं मला म्हणायचं नाही. मुळीच नाही. त्या दिवसांत मात्र माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न शिरला आणि तो मला सगळ्या यशोगाथांमध्ये दिसायला लागला.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जाऊन भेळ खाऊन आलोय. दादासाहेब फाळके 1870 चे, त्र्यंबकेश्वरचे. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी होती, ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, भागीदाराशी पटलं नाही म्हणून तोही सोडला. मग ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच भूत शिरलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं, यंत्रं घेऊन आले आणि 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. ही झाली सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. भाषण स्पर्धेत हमखास टाळ्या!

पण ज्या विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, त्या असतात कोणासाठी? बायको-मुलांसाठीच ना? सरस्वतीबाईंनी दागिने दिले. तेव्हाची कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत, नाहीतर फिल्म कॅमेऱ्यात सरकणारच नाही. ते काम सरस्वतीबाई रात्री करत. दिवसा साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक, शिवाय स्वतःची मुलं. आपण इंजिनिअर लोक, आपल्याला हे लगेच कळायला हवं : फिल्म पुढे सरकली ती त्या भोकांमुळे. स्मारकाला नाव मात्र एकाचं. आणि 16 फेब्रुवारी 1944 ला फाळके नाशिकमध्ये वारले तेव्हा हाताशी फारसं काही उरलेलं नव्हतं, हा भाग भाषणात कोणी घेत नाही.

दुसरं उदाहरण गंगापूर धरणाकडचं. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी केली, ती सोडून नव्वदच्या दशकात परत आले. नाशिकजवळ वेगवेगळी पिकं करून बघितली, 1997 मध्ये वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. कंपनी 2022 च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात उतरली. जबरदस्त गोष्ट आहे, वाद नाही. पण पहिली काही वर्षं आंबा-सागवानाचे प्रयोग फसले तरी चालले, कारण जमीन घरची होती आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर घरची चूल अवलंबून नव्हती. आमच्या साडेतीन एकरात एक हंगाम 'प्रयोग' केला तर वर्षभर काय खायचं? धाडस दोघांचंही असेल, पण एकाच्या खाली जाळी आहे आणि दुसऱ्याच्या खाली विहीर.

आता 'तरुणपणीच सोडा' या उपदेशाबद्दल. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून 1969 मध्ये पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. फाळकेही पहिल्या सिनेमाच्या वेळी त्रेचाळिशीत पोचले होते. तेव्हा पंचविशी उलटली की स्वप्न आंबतं, हे काही खरं नाही. मग तरुणपणाचा फायदा काय? माझ्या मते एवढाच, की तेव्हा आपल्या पगारावर कमी माणसं उभी असतात. आमच्यासारख्या घरात तर तेही खरं नाही! इथे पहिल्या पगाराच्या दिवशीच चार माणसं त्यावर चढतात : आई, आबा, धाकटं भावंडं आणि पतसंस्था. उलट दहा वर्षांनी कदाचित धाकटं भावंडं कमावतं झालेलं असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि तेव्हा सोडणं सोपं जाईल.

कोणी म्हणेल, असा हिशोब करत बसलं तर शेतकऱ्याचं पोर कधीच नोकरी सोडणार नाही. मला हे पटत नाही. माझं म्हणणं हिशोब करून सोडा असं आहे, आणि तो हिशोब एकट्याने करू नका असं आहे. दादाने राजीनामा दिला आणि मग सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आबांनी दोन दिवस तोंड फिरवलं असतं, तिसऱ्या दिवशी वही काढली असती. मी आबांना ओळखते. दादाने आणखी सहा महिने काढले असते, त्यातून आई-आबांचा वेगळा मेडिक्लेम घेतला असता (कंपनीचा विमा शेवटच्या दिवसापर्यंतच असतो, ही गोष्ट या लेखातून लक्षात राहिली तरी पुरे), माझी फी भरून ठेवली असती. कॅमेरामन सहा महिने थांबला नसता, असं दादा म्हणतो. असेलही. पण घराला विचारणं आणि घराला कळवणं यात फरक आहे. कळवलेल्या निर्णयाचा भार उचलावा तर लागतोच, फक्त तो उचलणाऱ्याला तयारीला वेळ मिळत नाही. सिक्युअर नोकरी तरी कुठे सिक्युअर राहिली, हाही युक्तिवाद ऐकलाय. खरं आहे, कंत्राटं संपतात, माणसं कमी करतात. पण तेव्हा घर निदान एकत्र कंपनीला शिव्या देतं!

आणि आता माझं. मला ऑफर आली आहे. पॅकेज बरं आहे, काम कसं आहे माहीत नाही. माझं स्वप्न काही फिल्मी नाही. बी.ई.चं प्रोजेक्ट आम्ही कांदा चाळीवर केलं. चाळीत चार ठिकाणी तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर लावायचे, हवा कोंडली की पंखा सुरू. साधं सर्किट. पण मार्चमध्ये भरलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात सडतो आणि त्याला मोड फुटतात, तेव्हा आमच्या घरात जी शांतता पसरते ती मला माहीत आहे. मला दोन वर्षं फक्त हेच काम करून बघायचंय, पाच-दहा वेगवेगळ्या चाळींमध्ये, स्वस्तात. आणि मी ते आत्ता करू शकत नाही. कारण दादाचं काम अजून महिन्याला दहा दिवस असतं, कधी वीस, कधी शून्य. दादाने सोडली म्हणून मला धरावी लागतेय.

सुरुवातीला याचा फार राग आला होता. पाटाला पाणी सुटलं की आमच्याकडे पाळी असते. हेडच्या शेतकऱ्याने रात्रभर दार उघडं ठेवलं की टेलच्या वावरात सकाळी नुसता ओला चर. घरात धाकटं असणं म्हणजे टेलला असणंच आहे, त्यात मुलगी म्हणजे अगदी शेवटचं वावर! पण पाळी मोडली म्हणून कोणी पाट बुजवत नाही, भांडून पाळी पुन्हा ठरवतं. आम्हीही तेच केलं. गेल्या महिन्यात दादा आला होता तेव्हा रात्री ओट्यावर बसून मी वहीच काढली. आबा, आई, दादा, मी. जॉइन झाल्यापासून दोन वर्षं घरचा खर्च आणि माझं एज्युकेशन लोन मी बघणार. त्यानंतर दोन वर्षं ठरावीक रक्कम दादा देणार, कॅमेऱ्यातून देवो नाहीतर चाकणला परत जाऊन देवो. माझी चाळ तेव्हा. दादा बराच वेळ गप्प होता. आबांनी तारीख घातली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या, दादाचीसुद्धा. दोन वर्षांनी तो पाळेल का? मला वाटतं पाळेल. नाही पाळली तर भांडायला वही आहे.

लेख देण्याआधी दादाला फोनवर वाचून दाखवला. विम्याचा भाग आला तेव्हा तो काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मागच्या आखाजीला पोत सोडवून आणली, तेवढं तरी लिही." लिहिलं. आई-आबांच्या नव्या मेडिक्लेमचा पहिला हप्ता या वीस तारखेला आहे, निम्मा त्याचा आणि निम्मा आबांचा. पुढच्या वर्षीपासून पूर्ण माझा.