शिकाऊ पोरीचा वाटा

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नव्हतं. डोळ्यांचं निमित्त होतंच, पण खरं कारण आळस! आज मात्र बसलेय, कारण माझ्या हातून एक चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. पहाटे ससून डॉकवर लिलावात मासळी घ्यायची आणि मग बाजारात बसून विकायची, हा तिचा दिनक्रम. तिची लेक बीएस्सी आयटी झाली. सहा-सात महिने इंटर्नशिप शोधत होती. पन्नासेक ठिकाणी अर्ज केले, बहुतेकांचं उत्तरही नाही. शेवटी एका कंपनीचं पत्र आलं. तीन महिने घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्र आणि नंतर नोकरी ‘नक्की’. फक्त साडेबारा हजार रुपये भरायचे. दोन हजार लगेच, बाकीचे गुरुवारच्या आत.

आई ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, पैशे भरू का नको, तेवढा सांगा.” पैसे होते तिच्याकडे, पण ते पावसाळ्यासाठी बाजूला ठेवलेले. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा घर त्यावर चालतं.

मी चष्मा लावून पत्र वाचलं. इंग्रजी व्यवस्थित, खाली सही-शिक्का. मी म्हटलं, “भर. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

असं मी का म्हटलं, याचा नंतर पुष्कळ विचार केला. शिक्षकाची नोकरी हवी तर संस्थेला ‘देणगी’ द्यावी लागते, हे आमच्या पिढीने इतकं ऐकलंय की नोकरीसाठी पैसे मोजण्यात काही वावगं वाटेनासंच झालंय. सवय झाली की डोळ्यांना दिसत नाही, त्याला चष्मा काय करणार?

रात्री झोप लागेना, म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो आयटीत आहे. म्हणाला, “मावशी, काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एवढं साधं गणित तू कशी चुकलीस?” टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या तर आपल्या संकेतस्थळावर स्पष्टच लिहितात की भरतीसाठी आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सकाळी घाईघाईने तिला फोन लावला. साडेदहा हजार वाचले. दोन हजार मात्र आदल्या रात्रीच गेले होते. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची असते, हेही मला त्याच दिवशी कळलं. तुम्हीही लिहून ठेवा.

पण मंडळी, ही नुसती भामट्यांची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. भाचा म्हणाला की पैसे न घेणारी, पण पैसे न देणारीही ‘इंटर्नशिप’ आता सर्रास चालते. मुलांकडून तीन-चार महिने खरं काम करून घ्यायचं आणि हातावर प्रमाणपत्र ठेवायचं! त्यात फसवणूक कुणालाच दिसत नाही. ‘अनुभव मिळतोय ना’ असं आईबापही म्हणतात.

या विद्यार्थिनीचे वडील होडीवर जात. ती सांगते, नवीन पोरगा होडीवर आला की पहिले काही दिवस तो नुसता ओकायचा. जाळं ओढताना हात सोलून निघायचे. उपयोग कमी, अडचणच जास्त. पण होडी किनाऱ्याला लागली की त्यालाही वाटा मिळायचा. मोठ्यांइतका नाही, थोडाच. घरी कालवणाला मासळीही जायची. तांडेलाने शिकवण्याचे पैसे मागितले, असं तिने कधी ऐकलं नाही. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्या धंद्यातली ही रीत. आणि काचेच्या इमारतींतल्या शिकलेल्या लोकांची रीत ही अशी!

कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याखालच्या २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये, तर त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. रक्कम लहान असेल, पण शिकणाऱ्याच्या कामाला मोल आहे हे तत्त्व त्यात मान्य केलेलं आहे. मात्र खाजगी कंपनीने ‘शिकाऊ उमेदवार’ न म्हणता ‘इंटर्न’ म्हटलं की मामला बदलतो. शब्द बदलला की जबाबदारी गेली. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, शब्दांची ही चलाखी मला चांगली कळते.

कुणी म्हणेल, नव्या मुलांना काही येत नाही, शिकवायला खर्च येतो. खरं आहे. मग त्याला सरळ क्लास म्हणा, फी घ्या, पावती द्या आणि नोकरीचं आमिष दाखवू नका. शिकवण्याची फी घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण सुरुवातीच्या काळात संगणकाची पदवी होती कुणाकडे? टीसीएस १९६८ साली सुरू झाली. ती नावारूपाला आणणारे फकीरचंद कोहली मुळात विजेचे इंजिनियर, टाटांच्या वीज कंपनीतून आलेले. तेव्हाची माणसं कामावर राहून, पगार घेऊनच शिकली.

आता काळ कठीण आहे हे मान्य. २०२५ साली टीसीएसनेच सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. मोठ्यांचीच ही गत, तर नव्यांना कोण विचारणार? आणि भीती वाढली की ती विकणारेही वाढतात.

सगळ्यात खुपतं ते वेगळंच. त्याच टीसीएसचं नोंदणीकृत कार्यालय वर्षानुवर्षं नरिमन पॉइंटच्या निर्मल बिल्डिंगमध्ये होतं. मच्छीमार नगरातून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडहून मेट्रोत बसलं की थेट सीप्झला उतरता येतं. अंतर उरलेलंच नाही. पण भाचा सांगतो की अनेक ठिकाणी अर्ज पुढे सरकतो तो आतल्या कुणाच्या तरी शिफारशीने. माझ्या भाच्याला त्याच्या मित्राच्या दादाने आत नेलं होतं. या पोरीच्या वस्तीत दादा पुष्कळ आहेत, पण ते होडीवर नाहीतर बाजारात!

म्हणून हे लिहिणं. हा ब्लॉग वाचणारे माझे नातेवाईक आणि ब्लॉगवाले मित्र यांच्यात निम्मे तरी आयटीत आहात. त्या पोरीने आईच्या उधारीची वही मोबाइलवर आणली आहे. भाच्याने ती पाहिली, चाळीस मिनिटं फोनवर चुका दाखवल्या. फुकट. नोकरी अजून लागलेली नाही, पण ती म्हणाली की कॉलेज संपल्यापासून आपलं काम कुणी उघडून पाहिलं ते पहिल्यांदाच. तुम्हीही अशी चाळीस मिनिटं काढा. ओळखीतल्या नव्हे, ओळख नसलेल्या एखाद्या मुलासाठी. आणि तुमच्या कंपनीत इंटर्न असतील तर त्यांना पैसे मिळतात का, एवढं तरी विचारा.

ते दोन हजार मी तिच्या आईला द्यायला गेले होते. तिने घेतले नाहीत. “तुमी काय मुद्दाम सांगितला व्हता का?” म्हणाली. नोटा अजून माझ्या पर्समध्ये वेगळ्या ठेवल्या आहेत. खर्च करवत नाहीत.

असो. तुमचं काय मत, जरूर कळवा.