मनाचे दुखणे आणि विम्याचे कार्ड

शुगरची गोळी चारचौघांत घेणारे आमचे बांधव मनाच्या आजाराची गोळी मात्र आतल्या खिशात लपवतात. आजाराचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही आणि खर्च विम्याने द्यावा, हे दोन्ही एकदम जमत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यावा, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते. विमा नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना पुन्हा तसे बजावले. तरी समुपदेशकाच्या पावत्या घेऊन गेलेला तरुण 'यात बसत नाही' एवढे ऐकून परत येतो. याचे कारण असे की मेडिक्लेम हा मुळात इस्पितळात दाखल होणाऱ्याचा विमा. दाखल न होता घेतलेल्या उपचारासाठी, म्हणजे ओ.पी.डी.साठी, पॉलिसीत वेगळी सोय लागते आणि साध्या पॉलिसीत ती सहसा नसते. मनाच्या बहुतेक दुखण्यांना तर खाट लागतच नाही. लागते ते दर आठवड्याला नीट ऐकून घेणारे जाणते माणूस. म्हणून समुपदेशक गाठण्याआधी कंपनीला विचारावे, ओ.पी.डी. आहे का, आणि तीत मानसोपचार धरला आहे का? उत्तर लेखी घ्यावे. नवी पॉलिसी काढताना जुने उपचार लपवू नयेत. 'लिहू नका' म्हणणारा एजंट दावा फेटाळला जातो तेव्हा फोन उचलत नाही.

पण आमच्या वाचकांपैकी अनेकांना मेडिक्लेमच्या दारात जाण्याची गरजच नाही. गेल्या वर्षी एक मावशी आमच्याकडे आल्या. मुलगा रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. दोन महिने झोप नाही, एकटाच बोलतो. तोवर भगताला कोंबडा आणि साडेचार हजार रुपये देऊन झाले होते. घरात बाबासाहेबांची तसबीर, बावीस प्रतिज्ञा पाठ, आणि दारात लिंबू! आम्ही मावशींना बोललो नाही, कारण लेकरासाठी आई काहीही करते. मुलाचे ई.एस.आय. कार्ड मात्र ट्रंकेत होते, एकदाही न वापरलेले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. आदारकरांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा ई.एस.आय. कायदा आला. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ही योजना लागू आहे. कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कंत्राटदाराने कापलेला पैसा भरला की नाही, हे मात्र तपासत जावे. या कार्डावर दाखल न होताही तपासणी आणि औषध मिळते, बायको-मुलांनाही. आधी नेमलेल्या दवाखान्यात जायचे, तेथून चिठ्ठी घेऊन इस्पितळाच्या मनोविकार विभागात. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्यास, रोजीच्या ८० टक्के भत्ताही मिळतो. म्हणून डॉक्टरांना दाखल्यावर 'ताप' लिहायला सांगू नका.

कार्ड नसलेल्यांना ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालये आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही. दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि घरचे एक माणूस सोबत न्यावे. रांग मोठी असते, अर्धी हजेरी बुडते.