मुद्दा ऐकायचा की चेहरा पाहायचा?

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या एका मुलीने थकलेल्या शिष्यवृत्तीवर भाषण केलं. कुठला हप्ता अडला, अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहेत, सगळं तोंडपाठ. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर खाली काय आलं? 'निळी साडी छान दिसते.' 'थोडी बारीक झाली तर हिरोईन.' एकाने रंगावरून विनोद केला. शिष्यवृत्तीबद्दल एक ओळ नाही. पुढच्या बैठकीत ती म्हणाली, पत्रक मी लिहून देते, बोलायला दुसरं कोणी उभं करा. लिहिणारे सगळे जयभीमवाले होते, हे मुद्दाम सांगतो.

मायावती १९९५ साली मुख्यमंत्री झाल्या, पुढे आणखी तीनदा. तरी त्यांच्या कारभारापेक्षा केसांवर आणि हँडबॅगवरच जास्त बोललं गेलं. त्यांच्यावर एका हिंदी नटाने केलेला गलिच्छ विनोद २०२१ मध्ये फिरला, तेव्हा आपण चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण 'गोरी तीच सुंदर' हे जातीनं दिलेलं माप आपण घरच्या मुलींना लावतो, त्याचं काय?

फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स या दोघींनी १९९७ साली मांडलं, की बाईकडे सतत वस्तू म्हणून पाहिलं की तीही स्वतःकडे बाहेरच्याच नजरेने पाहू लागते. रेचेल कॅलोगेरो यांच्या २०१३ च्या अभ्यासात, ही नजर जिच्यात जास्त मुरलेली तिचा चळवळीतला सहभाग कमी दिसला. साधं आहे. माईक हातात असताना अर्धं लक्ष पदराकडे असेल, तर मुद्दा कसा मांडणार?

एक मित्र म्हणाला, बाबासाहेबांनीच महाडला बायकांना राहणीमान बदलायला सांगितलं होतं. सांगितलं होतं, डिसेंबर १९२७ मध्ये. पण कशासाठी? लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या दागिन्यांवरून जात ओळखू यायची. ती खूण पुसा, म्हणून. पुरुषांच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. त्या दिवशी कोणाची साडी कशी होती, हे आज कोणाला आठवतं?

आपल्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका काढून बघा. स्वागतगीत आणि पुष्पगुच्छाला मुली किती, वक्त्यांमध्ये किती? त्या स्वागताला गोऱ्या मुली निवडून पुढे उभ्या करतात, हेही आम्ही पाहिलंय. ग्रुपचे अ‍ॅडमिन तर आपणच आहोत, एक कमेंट काढायला कोणाची परवानगी लागते?

त्या मुलीकडे आम्ही परवा पुन्हा जाऊन आलो. १४ ऑक्टोबरला बोलशील का, विचारलं. ती अजून 'बघू' म्हणते.